आमचे बॉयलरकाका गेले. तुमच्याकडे त्यांची कुठली गोष्ट आहे?

चिखलीचा_पुतण्या:
वास्को, चिखली, दाबोळी भागातले जे कोण इथे आहेत त्यांना एव्हाना कळलंच असेल, तरी लिहितो. आमचे बॉयलरकाका मृगाच्या पहिल्या आठवड्यात गेले. वय ७८. आजारी वगैरे काही नव्हते, रात्री पेज जेवले, बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून रस्त्याने जाणाऱ्या तिघांना हाका मारल्या, त्यातल्या एकाला आत बोलावून चहा पाजला आणि पहाटे उठलेच नाहीत. चहा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन धाय मोकलून रडला. तो कोण ते आमच्या घरात अजून कोणाला माहीत नाही, आणि काकाला तरी नीट माहीत होतं की नाही देव जाणे.

बाराव्याला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पोदेर (पाववाला) आला, रेल्वेतले निवृत्त टीसी आले, खारवीवाड्यावरचे दोन ट्रॉलरवाले आले, सड्यावरचा एक काठी टेकत चालणारा ख्रिस्ती म्हातारा आला जो काकाबरोबर ब्राझीलला गेला होता म्हणे. सगळे एकच गोष्ट सांगत होते, काकाच्या डाव्या हातावरचा भाजल्याचा डाग कसा आला ती, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याशी जुळत नव्हती. टीसी म्हणाले ७१ च्या युद्धात. पोदेर म्हणाला पनामा कालव्यात. ट्रॉलरवाल्याने तर पाणबुडी आणली मध्ये.

मला घरी बसून एकट्याने सगळं लिहून काढायचं होतं पण तीन दिवस वही उघडून बसलो आणि दोन ओळी झाल्या, म्हणून इथे धागा काढतोय. ज्याच्याकडे जे असेल ते टाका, खरं-खोटं नंतर बघू. काकूला रोज संध्याकाळी वाचून दाखवणार आहे, तेव्हा भाषा जरा सांभाळून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका १९६४ ला नेव्हीत बॉय म्हणून भरती, विशाखापट्टणमला आयएनएस सरकार्सवर ट्रेनिंग, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, मग स्टोकर म्हणजे बॉयलर सांभाळणारा म्हणून जुन्या विक्रांतवर, त्या विमानवाहू जहाजावर. १९८० ला पेन्शनीत आले आणि घरात चार महिने बसले नाहीत, मर्चंट नेव्हीत गेले. म्हणजे आधी नौसैनिक आणि मग आपल्या भाषेत तारवटी, व्यापारी जहाजावरचा खलाशी.

मांगोर_हिल:
वाईट वाटलं रे. मला माहीत असलेला डाग युद्धातलाच आहे. विक्रांत फुल स्पीडने चितगावकडे चाललेली आणि बॉयलरचा पाइप फुटला आणि काकांनी हाताने दाबून धरला, असं आमच्या बाबांनी सांगितलेलं.

माजी_स्टोकर:
हाताने वाफेचा पाइप दाबून धरला तर हातच उरत नाही हो, डाग कुठला.

मी काकांना सीनियर म्हणून ओळखायचो, मी नंतरचा, पण त्याच खात्यातला. थोडं दुरुस्त करतो. ७१ ला विक्रांत फुल स्पीडने चाललीच नव्हती. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता, त्यामुळे वेग कमी ठेवून चालवावी लागली आणि तशातच तिला पूर्वेला पाठवली, आधी अंदमानकडे लपवून ठेवली आणि ४ डिसेंबरला सकाळी तिच्यावरून सी हॉक विमानं कॉक्स बझारवर गेली. पेपरात विमानांचं येतं, पायलटांचं येतं. ते यायलाच पाहिजे. पण विमानवाहू जहाजावर विमान नुसतं पेट्रोलवर उडत नाही, पुढून वारा पाहिजे आणि वारा पाहिजे तर जहाज पळायला पाहिजे आणि जहाज पळायला वाफ पाहिजे. वरून विमान फेकणारं कॅटापल्ट पण वाफेवर. म्हणजे सगळं ओझं खाली, काकांच्या खात्यावर, आणि तेही एक बॉयलर आजारी असताना.

आम्हाला काका सांगायचे, "मी युद्ध बघितलंच नाही, मी फक्त सुई बघितली." वर विमान सुटलं की खाली प्रेशरची सुई किंचित खाली यायची. ते सुईवरून मोजायचे किती गेली. आणि परत आलेली डोक्यावरच्या धप्प आवाजावरून. गेलेली आणि आलेली जुळली की मग पाणी प्यायचे. पायलटांना त्यांनी कधी जवळून बघितलं नसेल पण मोजलं प्रत्येकाला.

चिखलीचा_पुतण्या:
हे सुईचं मी पहिल्यांदा ऐकतोय! आम्हाला घरात कधीच नाही सांगितलं. आम्ही विचारलं की म्हणायचे "गरम होतं" आणि विषय संपला.

काकू वाचताना ऐकत होती. म्हणाली, माझ्याकडे पण जेवायला बसले की गणती करायचे, मुलं किती आली, किती यायची राहिली, सगळी जुळल्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत, मला वाटायचं वेडच आहे हे.

बायणा_एक्सप्रेस:
ते नेव्हीत का गेले माहिती आहे का कोणाला? मला त्यांनी स्वतः सांगितलंय, कदंबच्या बसमध्ये, पणजी ते वास्को, सबंध रस्ताभर, आणि आजूबाजूचे चौघे पण ऐकत होते.

१९६१ ला ते १४ वर्षांचे. १८ डिसेंबरला सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले तेव्हा ते चिखलीत घराच्या मागे माडाच्या बुंध्याशी आडवे पडलेले, तोंडात माती. आणि मग दुपारी समुद्रावरून तोफा. पोर्तुगिजांचं आफोंसो द अल्बुकर्क जहाज मुरगाव बंदराबाहेर होतं, आपली बेतवा आणि बियास आत घुसली आणि त्याला मारून मारून दोना पावलाकडच्या बाजूला रेतीत चढवलं. काका म्हणाले, दुसऱ्या दिवशी सगळे "गोवा मुक्त झाला" म्हणून नाचत होते आणि मी चढावर उभा राहून पलीकडे ते तिरकं झालेलं जहाज बघत होतो, एवढं मोठं लोखंड, आणि ते हलत नाही. मला ते हलवायचं होतं, म्हणाले.

मग बस वास्कोला आली आणि ते उतरताना कंडक्टरला म्हणाले, "जेवलो रे पुता?" म्हणजे जेवलास का रे पोरा. कंडक्टरला ओळखत पण नव्हते.

फोंडेकरीण:
"जेवलो रे पुता" 😢 हे सगळ्यांनाच.

मी काकूंच्या माहेरकडची, शिरोड्याची. लग्न १९७२ च्या मे महिन्यातलं, म्हणजे युद्ध संपून पाच महिने. मुलीकडच्यांना भीती होती की नेव्हीवाला म्हणजे दारू पिणार आणि घरात राहणार नाही. दुसरं खरं निघालं. लग्न झालं, बावीस दिवसांत परत जहाजावर. पुढची आठ वर्षं पत्रं, पाठवायचा पत्ता फ्लीट मेल ऑफिस मुंबई, बस एवढाच, नवरा नक्की कुठल्या समुद्रात आहे ते पत्त्यावरून कळायची सोय नाही. आमच्या आजीला वाटायचं जावई मुंबईत एफएमओ नावाच्या बिल्डिंगीत राहतो.

आणि पत्रात काय तर माशांचे दर. प्रेमाचं एक अक्षर नाही. विशाखापट्टणमला सुंगटं काय भावाने, कोचीला करली मिळाली पण आपल्यासारखी नाही, काटे जास्त. तारवटी झाल्यावर हेच दर परदेशातले. रॉटरडॅमला लोक हेरिंग मासा कच्चाच शेपटीला धरून तोंडात सोडतात. डर्बनला पावाचा गाभा काढून त्यात रस्सा भरून देतात, आपल्या उंड्यात पातळभाजी ओतल्यागत, बनी चाऊ म्हणतात त्याला. काकूंनी ही सगळी पत्रं ठेवलीयेत. एकदा मी म्हटलं काकी हे काय, नवऱ्याचं पत्र की बाजाराची यादी, तर म्हणाल्या, "अगो, मासे काय भावाने ते लिहितोय म्हणजे जिवंत आहे आणि जेवतोय, मला आणखी काय पाहिजे?"

ते ८० ते ८८ मध्ये इराण-इराकचं चाललं होतं तेव्हा तेलाच्या जहाजांवर हल्ले व्हायचे आणि काका दोन फेऱ्या आखातात होते, तेव्हा मात्र काकूंनी शांतादुर्गेला काय काय बोलून ठेवलं ते त्यांनाच ठाऊक.

सड्यावरून:
माझे पप्पा ते काठीवाले. ८४ वय आहे, टाइप मी करतेय, ते बाजूला बसून सांगतायत, मध्ये मध्ये ओरडतायत की बरोबर लिही.

ब्राझील खरं आहे. सांतोस बंदर, कॉफी भरायला गेलेले. सगळ्या क्रूमध्ये पोर्तुगीज फक्त या दोघांना. पप्पांचं घरातलं, आणि तुमच्या काकांचं मुक्तीआधीच्या शाळेतलं, प्रिमेर ग्रावापर्यंतचं, म्हणजे प्राथमिकचं. तेवढ्या जोरावर तुमच्या काकांनी तीन दिवसांत बंदरावर सगळ्यांशी ओळख केली, क्रेनवाला, कस्टमवाला, चर्चचा पाद्री, आणि एक लग्न होतं कोणाचं तरी तिथे हे दोघं जेवायला गेले. कोणी बोलावलं होतं असं मी विचारलं तर पप्पा म्हणतात, "बोलावलं नव्हतं, पण निघताना थांबा थांबा म्हणत होते."

चूक पण सांगा म्हणतायत: काका पत्त्यांत चोरी करायचे. हे नक्की लिही म्हणाले.

डागाबद्दल पप्पांचं म्हणणं, सांतोसला जाताना तो हातावर होताच, तेव्हा पनामा वगैरे सगळं खोटं.

पोदेराची_सून:
आमच्या सासऱ्यांना पनामाचं काकांनी स्वतः सांगितलं होतं हां. जहाजाला पाण्याच्या पायऱ्यांवरून २६ मीटर वर चढवतात आणि वर गोड्या पाण्याचा तलाव आहे हे पण सांगितलं होतं. ते पण खोटं का मग?

माजी_स्टोकर:
ते शंभर टक्के खरं. गातून तलाव. काकांच्या गोष्टीत जागा आणि आकडे नेहमी बरोबर असायचे, गडबड फक्त त्यांनी स्वतः काय केलं त्यात.

चिखलीचा_पुतण्या:
थांबा. काकूने निकाल दिलाय. काल सगळा धागा वाचून दाखवला, डागाच्या भागाला हसून हसून तिला ठसका लागला. जसं बोलली तसं लिहितो.

"डाग एक नाही, दोन आहेत. मनगटाकडचा जहाजावरचा. ७१ चा नाही, त्याच्या आधी, शिकाऊ असताना गरम व्हॉल्व्हला हात लागला, ओरडा पण खाल्ला. त्याच्या वरचा कोपराकडचा मोठा, तो माझ्या कढईतला. गणेशचवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या (करंज्या) तळत होते मी, आणि हे मागून शहाणपणा करायला आले की तेल जास्त तापलंय, प्रेशर कमी कर. कढई सरकली. बारा-चौदा वर्षं बॉयलरपाशी राहून जेवढं भाजलं नाही तेवढं माझ्या चुलीपाशी. दोन्ही डाग वर्षांनी एक झाले, मग लोकांना सांगायला बरं."

म्हणजे अर्धा नेव्हीचा, अर्धा काकूचा.

वकील_मडगाव:
गोव्याच्या सिव्हिल कोडप्रमाणे बरोबरच आहे. लग्न झालं की अर्धं बायकोचं. 🙂

गंमत सोडून, एक कामाचं विचारतो. घर-जमीन काकांच्या नावावर असेल तर वारसांचं डीड स्पेशल नोटरीकडे करून घ्या, भांडण नसेल तर तेवढ्यात होतं, इन्व्हेंटरीला, म्हणजे वाटणीच्या दाव्याला, कोर्टात जावं लागत नाही. काकूंचा अर्धा हिस्सा त्यांचाच आहे, तो वारसाहक्काने येत नाही, लोक इथेच घोळ घालतात.

चिखलीचा_पुतण्या:
धन्यवाद वकीलसाहेब, ते करतोय. खरा घोळ फॅमिली पेन्शनला आहे. लग्नात काकूचं नाव बदललं, नेव्हीच्या कागदांत नवऱ्याकडचं नाव, आधारवर माहेरचं. एका बँकेत (नाव नको) तीन खेपा झाल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजी, तुम्ही त्याच आहात हे सिद्ध करा. काकू म्हणाली, "ते असते तर त्यांनी सांगितलं असतं."

तो पोरगा गप्प झाला. मी पण.

पेन्शनवाली_ताई:
माझ्या वडिलांच्या वेळी सेम झालं. बँकेत भांडू नका, आता पेन्शन स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून येते. आधी मृत्यूचा दाखला देऊन स्पर्शवर कळवा, उशीर केला आणि त्यांच्या नावाने पेन्शन जमा होत राहिली तर ती नंतर वसूल करतात. नावासाठी दोन्ही नावं एकाच बाईची असं अ‍ॅफिडेव्हिट, आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला जोडा, गोव्यात आपल्याकडे दोन सह्यांचं लग्न नोंदलेलं असतं त्याचा इथे फार उपयोग होतो. काकांचा जुना पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, शोधून ठेवा. अडलंच तर पणजीला सैनिक कल्याण खात्यात जा, तिथली माणसं कागद भरून देतात. आणि पुढे दर वर्षी काकूंचा हयातीचा दाखला, तो विसरू नका, आमच्या आईचा विसरला आणि पेन्शन थांबली.

चिखलीचा_पुतण्या:
देव बरे करू ताई. पीपीओ मिळाला, बिस्किटांच्या डब्यात, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' या ७१ च्या पदकांच्या खाली, आणि त्याच्याही खाली पत्त्यांचा एक जोड ज्यात पाच एक्के. सड्यावरच्या पप्पांना सांगा.

सड्यावरून:
पप्पा उठून उभे राहिले खुर्चीतून!! म्हणतायत ४० वर्षांनी न्याय मिळाला.

मांगोर_हिल:
माझी चुकीची गोष्ट मागे घेतो आणि एक डोळ्यांनी बघितलेली टाकतो. २०१६ ला बजाजने व्ही नावाची मोटरसायकल काढली, भंगारात काढलेल्या विक्रांतचं लोखंड वितळवून त्यात घातलंय अशी जाहिरात. काका ६९ चे तेव्हा. शोरूममध्ये माझा मित्र होता. काका आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "यातलं बॉयलरचं कुठलं?" मित्र म्हणाला काका, मला काय माहीत. तरी घेतली. काकू मागे बसायच्या, पदर खोचून, आणि दोघं बोगमाळोच्या नेव्हीच्या म्युझियमपर्यंत जायचे. तिथे सी हॉक ठेवलंय ना. काका त्याच्या पुढ्यात उभे राहून काकूंना म्हणायचे हे बघ, हे मोजायचो मी.

फोंडेकरीण:
काकूंना त्यांनी मुंबईची विक्रांत पण दाखवली होती, ती म्युझियम होती तेव्हा, २००५-०६ असेल. काकू सांगतात की वरच्या डेकवर गेल्यावर हे गप्पच झाले, आणि यांचं गप्प होणं म्हणजे मला काळजी. विचारलं काय होतंय तर म्हणाले, एवढा वेळ वर मी कधी उभाच नव्हतो, इथे वारा असतो हे माहीत नव्हतं. खाली बॉयलर रूमला जायला देत नव्हते. तर त्यांनी वरूनच पायाने दाखवलं, इथे खाली, इथे. काकू चप्पल काढून त्या जागेवर उभ्या राहिल्या जरा वेळ. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चिखलीचा_पुतण्या:
नवी विक्रांत आली तो दिवस मला आठवतो. २ सप्टेंबर २०२२. आमचा दीड दिवसाचा गणपती आदल्या दिवशी पोचवलेला, घरात सगळे पाहुणे अजून होते, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) उतरवायची बाकी, आणि काका सकाळपासून टीव्हीसमोर. वीसेक माणसं तरी होती खोलीत, अर्धी रस्त्यावरून बोलावलेली. तो निवेदक सांगत होता की चार गॅस टर्बाइन आहेत वगैरे. काका मागे वळून काकूला म्हणाले, "अगो, हिला बॉयलरच नाही! मग खाली बसून पोरं करतात तरी काय?" आणि मग बराच वेळ हसत होते, पण काकूने टीव्हीचा आवाज कमी केला आणि त्यांच्या हातात नेवरी दिली.

बायणा_एक्सप्रेस:
आता मुद्द्याचं. सप्ताह जवळ आला. वास्कोच्या दामोदराच्या भजनी सप्ताहात २४ तास भजन अखंड चालतं, त्यात रात्री बारा ते चार कोणाला नको असतं. इतकी वर्षं ते काका धरायचे. तरणी पोरं पार (रात्रीच्या भजनी मिरवणुका) बघून झोपायला घरी आणि काका टाळ घेऊन बसलेले, चहाची किटली बाजूला. मी एकदा विचारलं तर म्हणाले जहाजावर याला मिडल वॉच म्हणतात, या वॉचला माणूस एकटा पडला की झोपतो, म्हणून गप्पा मारायच्या आणि सुई बघायची. यंदा कोण?

मांगोर_हिल:
घरचं दुखवट्याचं वर्ष आहे ना पण, त्यांच्या घरातले येतील का?

चिखलीचा_पुतण्या:
चवथ नाही करत यंदा. भजनाला बंदी नाही, भटजींना विचारलंय. काकूला पण विचारलं. म्हणते ती बारा ते एक बसणार, त्याच्यापुढे तिला झोप येते. एक ते चार रिकामं आहे.

माजी_स्टोकर:
एक ते दोन माझं.

सड्यावरून:
पप्पा विचारतायत ख्रिस्तीमाणसाने बसलं तर चालतं का. टाळ येत नाही, पण चहाची किटली धरेन म्हणतात.

बायणा_एक्सप्रेस:
चालतं म्हणजे काय, पप्पांना घ्यायला मी गाडी पाठवतो.

मांगोर_हिल:
तीन ते चार मी. पण कोणीतरी फोन करून उठवा हां, माझा अलार्म मला ऐकू येत नाही.

चिखलीचा_पुतण्या:
दोन ते तीन मी बसतो. काकू म्हणते साखर कोण आणणार ते आधी ठरवा, काका एका किटलीला अर्धा किलो घालायचे.